एक फोन, साठ मुलं: विज्ञानाच्या तासाला मोबाइल मोजायला कसा लावायचा?

खडू_फळा (धागाकर्ता)

शाळेत 'तंत्रज्ञान वापरलं' म्हणजे बहुतेक वेळा भिंतीवर व्हिडिओ लावलेला असतो. त्याला विरोध नाही, पण तो विषय इथे नको. शिक्षकाच्या खिशातल्या साध्या फोनमध्ये मायक्रोफोन असतो, त्वरणमापक असतो, कॅमेरा असतो, बऱ्याच फोनांत चुंबकीय क्षेत्र मोजणारा सेन्सरही असतो. प्रयोगशाळेच्या कपाटात नसलेली ही तीन-चार उपकरणं आयतीच हाताशी आहेत. ती घेऊन आठवी ते दहावीचे कोणते प्रयोग ३५ मिनिटांच्या तासात, साठ मुलांसमोर, नेट नसताना होतात ते इथे गोळा करू या. आकड्यांसकट लिहा, आणि काय बिघडतं तेही लिहा. 'मुलांना खूप मजा आली' एवढंच नको.

सुरुवात ध्वनीच्या वेगापासून. नववीच्या 'ध्वनीचा अभ्यास' या पाठात वेग दिलेला असतो, मोजलेला नसतो.

लागतं काय: दोन फोन, दोन्हींवर फायफॉक्स (जर्मनीतल्या आखेन इथल्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठाचं अ‍ॅप, फुकट आहे, एकदा उतरवलं की नेट लागत नाही), मोजपट्टी आणि लाकडी ठोकळ्यांच्या दोन जोड्या.

फायफॉक्समध्ये 'अकूस्टिक स्टॉपवॉच' उघडा. पहिल्या मोठ्या आवाजाला ते सुरू होतं, दुसऱ्याला थांबतं. दोन फोन ५ मीटर अंतरावर ठेवा. पहिल्या फोनजवळच्या मुलाने ठोकळे आपटायचे: पहिला फोन लगेच सुरू होतो, दुसरा आवाज पोचल्यावर. मग दुसऱ्या फोनजवळच्या मुलाने आपटायचे: दुसरा लगेच थांबतो, पहिला उशिरा. पहिल्या फोनची वेळ दुसऱ्यापेक्षा जास्त येते आणि त्या फरकात आवाज एकदा गेला आणि एकदा आला, असे दोन प्रवास असतात.

वेग = २ × अंतर ÷ वेळांतला फरक.

३० अंश सेल्सिअसला वेग साधारण ३५० मी/से असतो, म्हणजे ५ मीटरला फरक २८.६ मिलिसेकंद यायला हवा. दोन ठोक्यांत किती वेळ गेला याने काहीच बिघडत नाही, कारण तो दोन्ही फोनांत सारखाच मोजला जातो. या प्रयोगातली खरी गंमत तीच आहे आणि ती फळ्यावर दोन रेषा काढून आधी पटवावी लागते. नाही तर मुलं 'सर, पण त्याने उशिरा वाजवलं' यावरच अडकून बसतात.

ओहम_शांती

छान. तीन गोष्टी जोडतो.

१) थ्रेशोल्ड म्हणजे आवाज किती मोठा झाल्यावर घड्याळाने दखल घ्यायची तो उंबरठा. तो फार खाली ठेवला तर पंख्याच्या, शेजारच्या वर्गाच्या आवाजावर घड्याळ सुरू होतं. फार वर ठेवला तर लांबचा ठोका ऐकूच येत नाही. आधी पंखे बंद करा. मग नुसत्या शांततेत घड्याळ चालू ठेवून थ्रेशोल्ड इतका वाढवा की ते आपोआप सुरू होणार नाही. तिथून थोडा वर ठेवा. दोन्ही फोनांचे मायक्रोफोन सारखे नसतात, म्हणून दोन्हींवर वेगवेगळं बघावं लागतं.

२) ठोकळेवाल्याने उभं कुठे राहायचं? दोन फोनांना जोडणारी रेषा मागे वाढवली तर तिच्यावर. तिथे तो फोनपासून अर्धा मीटर मागे असला तरी चूक येत नाही, कारण जादा अंतर दोन्ही फोनांना सारखंच पडतं. पण रेषेच्या बाजूला किंवा दोन फोनांच्या मधे उभा राहिला तर हिशोब चुकतो.

३) टाळीपेक्षा ठोकळे बरे. टाळीचा आवाज हळू चढतो, ठोकळ्याचा एकदम.

पाऱ्याचा_थेंब

जमलं तर मुक्त पतनही याच घड्याळावर होतं. दहावीच्या 'गुरुत्वाकर्षण' पाठाला उपयोगी.

टेबलावर स्टूल ठेवून त्याच्या कडेबाहेर लाकडी पट्टी काढा. पट्टीच्या बाहेरच्या टोकावर मोठी गोटी. पट्टीला काठीने आडवा फटका द्यायचा. पट्टी खालून सटकते, गोटी सरळ खाली पडते. फटक्याच्या आवाजाला घड्याळ सुरू, खाली पालथ्या घातलेल्या स्टीलच्या ताटावर गोटी आदळली की बंद. उंची गोटीच्या तळापासून ताटापर्यंत मोजा. १.५ मीटरला ०.५५३ सेकंद यायला हवेत. मग ग (गुरुत्व त्वरण) = २ × उंची ÷ वेळेचा वर्ग.

फोन कुठे ठेवता त्यावर उत्तर बदलतं, हे सहसा कुणी सांगत नाही. १.५ मीटर जायला आवाजाला सव्वाचार मिलिसेकंद लागतात. फोन वर पट्टीजवळ असेल तर थांबण्याचा आवाज तेवढा उशिरा पोचतो आणि ग ९.६५ येतो. फोन खाली ताटाजवळ असेल तर सुरू होण्याचा आवाज उशिरा पोचतो आणि ९.९५ येतो. फोन मधोमध, ७५ सेंमी उंचीवर ठेवला की दोन्ही उशीर सारखे होऊन कटतात. दहावीच्या मुलांना आधी 'फोन कुठे ठेवू?' असं विचारा आणि तिन्ही जागी करून बघू द्या. फक्त प्रत्येक जागी किमान पाच वेळा करून सरासरी घ्यावी लागेल, नाही तर हा फरक गोंधळात बुडून जाईल.

बिघडतं ते असं: फटक्यानंतर पट्टी खडखडते आणि घड्याळ त्या खडखडाटालाच थांबतं. सेटिंगमध्ये 'मिनिमम डिले' असतो, तो ०.३ सेकंद करा. पट्टीचं दुसरं टोक एका मुलाने सैल धरायचं, म्हणजे ती गोटीच्या आधी खाली आपटत नाही.

निळी_शाई

मग लंबक पण घ्या की. फोनच पिशवीत घालून दोरीला लटकवायचा. फायफॉक्समध्ये 'पेंड्युलम' आहेच.

पाऱ्याचा_थेंब

लंबकाला फोन नको, असं माझं स्पष्ट मत आहे. १ मीटर लंबकाचा दोलनकाल २ सेकंद. साध्या घड्याळावर २० दोलनं मोजली तर ४० सेकंद होतात. हाताची चूक धरा ०.२ सेकंद, म्हणजे वेळेत अर्धा टक्का, ग मध्ये एक टक्का. फोन लटकवला की लांबी कुठून कुठपर्यंत मोजायची हाच प्रश्न. फोनचा गुरुत्वमध्य कुठे आहे ते डोळ्यांना दिसत नाही, पिशवीत तो सरकतो. त्यात २ सेंमीचा घोळ झाला तर ग मध्ये दोन टक्के चूक आधीच आली. शिवाय ते 'पेंड्युलम' जायरोस्कोपवर (फिरण्याचा वेग मोजणाऱ्या सेन्सरवर) चालतं आणि स्वस्त फोनांत जायरोस्कोप नसतो. मग अ‍ॅपमध्ये तो प्रयोग करडा दिसतो आणि शिक्षकाला वाटतं फोन बिघडला.

दोरा, नट आणि मनगटी घड्याळ जिथे पुरतं तिथे फोन आणला की मुलांचं लक्ष दोलनाऐवजी पडद्यावर जातं. जिथे हात किंवा डोळा पोचत नाही तिथेच फोन. २९ मिलिसेकंद हाताने मोजता येत नाहीत, तिथे फोन हवाच.

निळी_शाई

पटलं. पण आलेख लगेच दिसतो हा फायदा आहे ना? मावळत जाणारं दोलन मुलांना एका नजरेत दिसतं.

पाऱ्याचा_थेंब

तेवढ्यासाठी आहे. मावळणं दाखवायचं असेल तर लटकवा. ग काढायला नको.

ओहम_शांती

दहावीच्या 'विद्युतधारेचे परिणाम' मधलं नालकुंतल आता. पुस्तकात लोहकीस किंवा होकायंत्र असतं, आकडा नसतो. फोनमधला चुंबकीय सेन्सर मायक्रोटेस्लामध्ये आकडा देतो.

वायरिंगचा २५ मिमी पाइप घ्या. त्यावर १० सेंमी लांबीत सारख्या अंतराने १०० वेढे, २६ गेजची एनॅमल तार. तार ८ मीटर लागते, टोकांसाठी थोडी जास्त धरा. टोकांवरचं एनॅमल सँडपेपरने पूर्ण खरवडा, निम्मे प्रयोग इथेच फसतात. दोन सेल आणि टॉर्चचा २.५ व्होल्ट, ०.३ अँपिअरचा बल्ब एकसरीत जोडा. बल्ब विद्युतधारा मर्यादेत ठेवतो आणि ती चालू असल्याचंही दिसतं. बल्बाशिवाय तार थेट सेलला जोडू नका. सेल आणि तार दोन्ही तापतात आणि धारा सतत उतरत जाते, त्यामुळे आकडे स्थिर राहत नाहीत.

एवढ्यावर नालकुंतलाच्या आत साधारण ३७५ मायक्रोटेस्ला मिळतात. बाहेर, अक्षावर, टोकापासून २ सेंमीवर सुमारे २८ आणि ५ सेंमीवर जेमतेम ५. पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र आपल्याकडे ४० च्या आसपास असतं.

आता सापळे.

अंतर फोनच्या कडेपासून नाही, सेन्सरपासून मोजायचं. सेन्सर फोनमध्ये कुठे आहे ते शोधायला एक शिवणाची सुई चुंबकावर घासून घ्या आणि ती फोनच्या पाठीवरून हळूहळू फिरवा. आकडा जिथे सर्वात जास्त उसळतो तिथे पेन्सिलने खूण करा. बहुतेक फोनांत तो वरच्या भागात असतो. मोठं चुंबक, स्पीकर, चुंबकी झाकणाचं कव्हर फोनजवळ आणू नका. सेन्सरचा शून्यबिंदू सरकतो, मग फोन हवेत आठच्या आकड्यासारखा फिरवून तो परत जागेवर आणावा लागतो.

दुसरा सापळा मोठा. अ‍ॅप एकूण क्षेत्रही दाखवतं आणि तीन दिशांची वेगळी क्षेत्रंही. एकूण आकडा वाचायचा नाही. समजा पृथ्वीचं ४० आहे आणि नालकुंतलाचं ५ त्याला काटकोनात आहे. एकूण येतं ४०.३. मुलं म्हणणार, सर, काहीच झालं नाही. नालकुंतलाच्या अक्षाला समांतर असलेली एकच दिशा वाचा, धारा बंद असतानाचा आकडा वहीत लिहा, चालू असतानाच्या आकड्यातून तो वजा करा. मग ५ दिसतील. या सगळ्यात फोन जागचा हलवायचा नाही, चिकटपट्टीने टेबलाला चिकटवा. सरकवायचं ते नालकुंतल.

सेल उलटे जोडले की त्याच दिशेचा आकडा खाली जातो. उजव्या हाताचा नियम तिथे आकड्यात दिसतो.

शून्य_अंश

सगळे फोनवरच आहात, म्हणून एक फोनबाहेरची गोष्ट. अटल टिंकरिंग लॅब असलेल्या शाळांत आर्डुइनो (सेन्सर जोडून प्रोग्रॅम करता येणारे छोटे सर्किट बोर्ड) धूळ खात पडलेले असतात. त्यांचा सर्वात चांगला उपयोग दहावीच्या 'उष्णता' पाठातल्या अप्रकट उष्म्याच्या आलेखासाठी आहे.

डीएस१८बी२० नावाचा तापमानाचा सेन्सर स्टीलच्या नळीत बंद केलेला मिळतो. तीन तारा असतात: लाल ५ व्होल्टला, काळी ग्राउंडला, पिवळी आर्डुइनोच्या एका पिनला. पिवळी आणि लाल यांच्यामध्ये ४.७ किलोओहमचा रोध. तो रोध विसरला की वाचन −१२७ येतं, तार सुटली तरी तेच. सुरुवातीला एकदम ८५ दिसलं तर घाबरू नका, सेन्सर नुकताच जागा झाला आहे आणि पहिलं मोजमाप अजून झालेलं नाही. एका वाचनाला पाऊण सेकंद लागतो, म्हणून दर दोन सेकंदांनी वाचा.

५० ग्रॅम बर्फ कुटून घ्या. जास्त घेतला तर तासात संपत नाही. पातळ भांडं, खाली स्पिरिटचा दिवा, वात सगळा वेळ एकाच उंचीवर. सतत ढवळा. ढवळलं नाही किंवा नळी तळाला टेकली तर बर्फ शिल्लक असतानाच आकडा ३-४ अंशांवर चढतो आणि आलेखातली सपाट रेषा तिरकी होते. 'प्रयोग चुकला' म्हणतात तो बहुधा असाच चुकतो.

आता बघण्यासारखी गोष्ट. १ ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी लागतात, आणि १ ग्रॅम पाणी ० पासून ८० अंशांपर्यंत न्यायलाही ८० कॅलरीच. म्हणजे दिवा तोच असेल तर सपाट रेषेला लागलेली मिनिटं आणि ० ते ८० चढायला लागलेली मिनिटं सारखी यायला हवीत. प्रत्यक्षात चढाला थोडा जास्त वेळ लागतो, कारण गरम पाणी खोलीला उष्णता देत असतं आणि थंड बर्फ उलट खोलीकडून घेत असतो. साठ मुलांचा वर्ग एका आलेखावर यावरून पंधरा मिनिटं भांडू शकतो. वजन, कॅलरीमापी, काही लागत नाही. फक्त घड्याळ.

कांद्याची_साल

जीवशास्त्रालाही वाली हवा. फोनला सूक्ष्मदर्शक करायला जुन्या लेझर पॉइंटरचं पुढचं भिंग काढा. केसांच्या काळ्या पिनेत ते अडकवा आणि पिन फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टीने बसवा. भिंगाच्या दोन्ही बाजू सारख्या नसतात. एका बाजूने चित्राच्या कडा फार पसरट दिसल्या तर उलटं बसवा. नमुना भिंगापासून काही मिलिमीटरवरच स्पष्ट दिसतो, त्यामुळे हातात धरून जमत नाही. दोन डब्यांवर काच, काचेवर फोन (कॅमेरा खाली, पडदा वर), खाली काचपट्टी वर-खाली करायला तिच्या दोन टोकांखाली वह्यांच्या चळती. एकेक वही काढत जायचं, फोकस सापडतो. प्रकाश खालून टॉर्चचा, मधे बटर पेपर. तो नसेल तर मध्यभागी पांढरा डाग येतो.

कांद्याच्या आतल्या बाजूचा पातळ पापुद्रा, पाण्यात पातळ केलेलं आयोडीन एक थेंब, कव्हरस्लिप तिरकी टेकवून हळू सोडायची. सरळ टाकली की हवेचे बुडबुडे, आणि मुलं काळ्या कडेच्या त्या गोल बुडबुड्याचंच चित्र 'पेशी' म्हणून काढतात.

मापनाशिवाय हे नुसतं चित्र राहतं. त्याच मांडणीत, झूम न बदलता, पारदर्शक प्लास्टिकच्या पट्टीचा फोटो काढा. १ मिलिमीटर पडद्यावर किती सेंटीमीटर झाला ते पडद्यावर दुसरी पट्टी लावून मोजा. समजा ४ सेंमी झाला. मग पडद्यावर १ सेंमी दिसणारी पेशी खरी ०.२५ मिमी लांब. कांद्याच्या पेशी याच्या आसपासच असतात. फोटो काढल्यावर झूम केलं की सगळा हिशोब गेला, हे दर वेळी सांगावं लागतं.

गणिताचा_तास

सगळं वाचलं. प्रयोग उत्तम आहेत, पण एक फोन आणि साठ मुलं, हा मूळ प्रश्न तसाच आहे. मागच्या बाकावरच्यांना काय दिसतं?

खडू_फळा

आकडा मोठा दाखवायचा असेल तर फायफॉक्सच्या मेनूत 'रिमोट अ‍ॅक्सेस' आहे. तो सुरू केला की फोन एक पत्ता दाखवतो, तो लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये टाकला की फोनचे आलेख प्रोजेक्टरवर येतात. नेट लागत नाही, फक्त दोघं एकाच वायफायवर हवेत. शाळेच्या वायफायवर कधी कधी एका उपकरणाला दुसरं दिसत नाही, तसं बांधलेलं असतं. तेव्हा तिसऱ्या एखाद्या फोनचा हॉटस्पॉट घ्या आणि दोघांना त्यावर जोडा. मोजणाऱ्या फोनवर कॉल येऊ देऊ नका, ध्वनीच्या प्रयोगात घंटी वाजली की घड्याळ थांबलंच.

पण पडद्यापेक्षा अंदाज जास्त कामाचा. मोजण्याआधी फळ्यावर प्रश्न आणि चार पर्याय. उदाहरणार्थ: स्टीलची गोळी आणि तेवढ्याच आकाराची काचेची गोटी १.५ मीटरवरून. स्टीलला लागणारा वेळ (१) निम्मा, (२) थोडा कमी, (३) जवळपास तेवढाच, (४) जास्त. मुलांनी बोटं छातीशी धरून दाखवायची, म्हणजे शेजाऱ्याचं बघून बदलता येत नाही. हार्वर्डमध्ये एरिक माझुर यांनी १९९१ पासून हीच रीत चालवली: एकट्याने उत्तर, मग शेजाऱ्याशी वाद, मग पुन्हा उत्तर. बरोबर उत्तरं साधारण ३० ते ७० टक्क्यांत असतील तेव्हा वादाचा उपयोग होतो. साठच्या वर्गात १८ ते ४२ मुलं. त्याहून कमी असली तर आधी शिकवा, जास्त असली तर पुढे जा.

गणिताचा_तास

बोटं मोजायला वेळ जातो. प्लिकर्सची कार्डं?

खडू_फळा

चालतात. प्रत्येक मुलाचं छापील चौकोनी कार्ड, ते कसं धरलं त्यावर उत्तर ठरतं आणि शिक्षकाच्या एका फोनने सगळा वर्ग वाचला जातो. पण नेहमीचा संच ४० कार्डांचा. साठ मुलं असतील तर ६३ चा संच छापावा लागतो. चकचकीत लॅमिनेशन करू नका, खिडकीचा उजेड चमकला की कार्ड वाचलं जात नाही. आणि मुलांची बोटं काळ्या नक्षीवर येतात, म्हणून पांढरी कड रुंद ठेवून कापा. नेट लागतं. फक्त अंदाज घ्यायचा असेल तर मी बोटांनाच मत देईन. प्लिकर्स तेव्हा, जेव्हा कोण कुठे चुकलं याची नोंद हवी.

निळी_शाई

फेटचा उल्लेख कुणीच केला नाही! पडद्यावर हाताळता येणाऱ्या आभासी प्रयोगांचा (सिम्युलेशनचा) संच, कोलोरॅडो विद्यापीठाचा, २००२ पासून आहे, कितीतरी सिम्युलेशन मराठीतही आहेत. एकेक फाइल उतरवून पेन ड्राइव्हवर नेता येते, वर्गात नेट लागत नाही.

ओहम_शांती

परिपथासाठी उत्तमच. पण क्रम बघा. आधी खरे दोन सेल, दोन बल्ब, मग फेट. उलट केलं तर खऱ्या परिपथात दुसरा बल्ब समांतर जोडल्यावर पहिला किंचित मंद होतो तेव्हा मुलं 'बल्ब खराब' म्हणतात, कारण फेटमधला सेल सुरुवातीला आदर्श असतो. तिथेच सेलचा अंतर्गत रोध वाढवायची सोय आहे. खऱ्या बल्बाचं मंद होणं आधी बघितलं असेल तर तो सरकपट्टा कशासाठी आहे हे विचारावं लागत नाही.

निळी_शाई

शेवटची शंका, पहिल्या प्रयोगाबद्दल. ५ मीटरवर फरक ३२ मिलिसेकंद आला, म्हणजे वेग ३१२. पुन्हापुन्हा तेवढाच येतोय. पट्टी बरोबर, पंखे बंद, ठोकळेवाले रेषेवर. वहीत ३५० लिहायचं का?

ओहम_शांती

नाही, ३१२ च लिहा. लांबच्या फोनला आवाज क्षीण होऊन पोचतो, त्यामुळे तो थ्रेशोल्ड जरा उशिरा ओलांडतो. तो उशीर फरकात मिळतो आणि वेग कमी दिसतो. व्हरांड्यात जाऊन १० मीटरवर पुन्हा करा. समजा ६०.६ आले. एकट्या त्या आकड्यावरून वेग ३३० निघेल, म्हणजे अजूनही कमीच. पण दोन वाचनांची वजाबाकी करा: प्रवास १० मीटरने वाढला, वेळ २८.६ मिलिसेकंदांनी. १० भागिले ०.०२८६, सुमारे ३५०. दोन्हीकडे सारखा असलेला उशीर वजाबाकीत गेला. १० मीटरवर आवाज आणखी क्षीण असतो, त्यामुळे तो अगदी पूर्ण जाणार नाही. तिथे ठोकळे थोडे जोरात आपटायला सांगा.